हस्तनिर्मित वस्तूंच्या लहान व्यवसायाची ब्रँड ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने वस्तू घडवून त्या विकणारे कारागीर, लहान कार्यशाळा आणि घरातून व्यवसाय चालवणाऱ्या व्यक्ती यांना ब्रँडची ओळख उभी करताना जे प्रश्न हमखास पडतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी घाईने घेतलेला निर्णय पुढे निस्तरणे फार अवघड जाते.

ब्रँडची ओळख म्हणजे लोगोच ना?

लोगो हा ओळखीचा एक भाग आहे, आणि तोही पहिला नव्हे. वस्तू हातात घेतल्यावर जाणवणारे वजन, तिच्या कडा, शिवणीचा शेवट कसा बांधला आहे, डबा उघडल्यावर आधी काय दिसते, चौकशीला उत्तर किती वेळात आणि कोणत्या भाषेत मिळते, वस्तू तुटून पोहोचली तर विकणारा कसा वागतो, या सगळ्यांतून ग्राहकाच्या मनात जी समजूत तयार होते, ती ओळख होय. नाव, चिन्ह, रंग आणि अक्षरे या त्या समजुतीच्या खुणा आहेत. खूण पाहताच समजूत आठवावी, एवढेच त्यांचे काम असते.

म्हणून या पानावरील बहुतेक उत्तरे एकाच भूमिकेतून दिली आहेत: ओळखीत केलेले प्रत्येक विधान वस्तूने सिद्ध केले पाहिजे. जे वस्तूत नाही ते लेबलावर आणू नये, आणि जे वस्तूत खरोखर आहे ते लेबलावर यायचे राहू नये.

व्यवसाय एकट्यानेच चालवत असताना इतक्या लवकर याचा विचार करावा का?

नाव आणि त्याचे लेखन यांचा विचार पहिली वस्तू विकण्याआधी करावा, कारण ते नंतर बदलणे खर्चाचे आणि त्रासाचे असते. बाकीच्या गोष्टींची घाई नाही. सुरुवातीचे काही महिने साधा शिक्का, एका रंगाचे लेबल आणि नीट काढलेली छायाचित्रे एवढ्यावर निभावते. त्या काळात कोणती वस्तू लोक पुन्हा मागतात आणि कोणत्या शब्दांत तिचे वर्णन करतात हे कळते, आणि पुढची ओळख त्या माहितीवर उभी राहिली तर ती जास्त काळ टिकते.

सुरुवात नेमकी कुठून करावी?

आतापर्यंत घडवलेल्या सर्व प्रकारच्या वस्तू एका मोठ्या टेबलावर एकत्र मांडा, आणि त्यांत वारंवार दिसणारे तुमचे निर्णय लिहून काढा. तुम्ही कडा गोल करता की धारदार ठेवता, रंग लावता की मूळ पृष्ठभाग दिसू देता, जोड लपवता की मुद्दाम उघडा ठेवता, वस्तू हलकी असावी की भरीव, या प्रश्नांची उत्तरे तुम्ही हाताने आधीच दिलेली असतात. ती फक्त शब्दांत आणायची असतात. जी वस्तू इतरांच्या शेजारी परकी वाटते, तीही बाजूला काढून ठेवा. ती बहुधा कुणाच्या तरी मागणीवरून किंवा दुसरीकडे खपते म्हणून केलेली असते.

यानंतर तीन वाक्ये लिहावीत: तुम्ही काय घडवता, ते कोणासाठी, आणि दुसऱ्याने तीच वस्तू केली असती तर ती कुठे वेगळी झाली असती. तिसरे वाक्य सर्वांत अवघड जाते, आणि तेच सर्वांत उपयोगी असते. ‘उत्तम दर्जा आणि प्रेमाने घडवलेले’ असे शब्द तेथे आले, तर वाक्य अजून सापडलेले नाही असे समजावे, कारण ते शब्द कोणत्याही कारागिराला लागू पडतात. ‘प्रत्येक वहीची पाने मेणदोऱ्याने शिवलेली असल्यामुळे ती टेबलावर पूर्ण सपाट उघडते’ हे वाक्य मात्र तपासून पाहता येते.

नाव कसे निवडावे?

उच्चारायला सोपे, ऐकून लिहिता येईल असे आणि उद्याच्या वस्तूंनाही पुरेल असे नाव निवडावे. फोनवर एखाद्याला नाव एकदाच सांगून ते लिहायला लावा; त्याने ते चुकीचे लिहिले, तर इंटरनेटवर शोधणारा ग्राहकही तशीच चूक करणार आहे. मराठी नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाऊ शकते, हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांतले एक लेखन पक्के करून सर्वत्र तेच वापरावे.

नावात साहित्याचा किंवा वस्तूचा उल्लेख केला, तर सुरुवातीला समजावून सांगायला सोपे जाते, पण पुढे हात बांधले जातात. ओले किर्क क्रिस्टियान्सन यांनी १९३२ मध्ये डेन्मार्कमधील आपल्या सुतारकामाच्या कार्यशाळेत लाकडी खेळणी करायला सुरुवात केली आणि १९३४ मध्ये त्यांना लेगो हे नाव दिले. त्या नावात लाकूड नव्हते, त्यामुळे १९४९ पासून प्लास्टिकचे ठोकळे तयार होऊ लागले तेव्हा नाव बदलावे लागले नाही. लहान व्यवसायालाही हेच लागू आहे: मेणबत्त्यांपासून सुरुवात करणारा पुढे मेणबत्ती ठेवायच्या बशीपर्यंत, आणि तेथून मातीच्या भांड्यांपर्यंत सहज पोहोचतो.

कायदेशीर संरक्षणाच्या दृष्टीनेही निव्वळ वर्णन करणारी नावे दुबळी ठरतात. ‘हस्तनिर्मित साबण’ हे शब्द कोणत्याही साबण करणाऱ्याला वापरता आलेच पाहिजेत, म्हणून त्यांवर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. ज्या शब्दाचा वस्तूशी थेट संबंध नाही असा शब्द, किंवा जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये आपल्या कॅमेऱ्यासाठी वापरात आणलेल्या ‘कोडॅक’सारखा नव्यानेच रचलेला शब्द, सर्वांत भक्कम मानला जातो. असा शब्द लोकांच्या ओठांवर रुळायला मात्र वेळ लागतो. आमच्या मते लहान व्यवसायाने मधला मार्ग घ्यावा: नाव वस्तूचे वर्णन करणारे नसावे, पण तिच्या स्वभावाकडे बोट दाखवणारे असावे.

स्वतःचेच नाव ब्रँडला दिले तर?

हस्तकलेत ही जुनी आणि सन्मानाची पद्धत आहे, आणि काम ओळखले जाते ते एका व्यक्तीच्या हातामुळे, अशा ठिकाणी ती योग्यच आहे. मात्र हाताखाली चार माणसे आली, तरी ग्राहक प्रत्येक नग तुमच्याच हातचा समजत राहतो. शिवाय व्यवसाय कधी दुसऱ्याकडे सोपवायचा झाला, तर स्वतःच्या नावावरचा हक्कही त्याच्याबरोबर द्यावा लागू शकतो. आडनाव सर्रास आढळणारे असेल, तर नोंदणीतही अडचण येते.

नाव आधीच कोणी घेतलेले नाही ना, हे कसे तपासावे?

साध्या इंटरनेट शोधाने सुरुवात करावी, पण तेथे थांबू नये. ज्या देशात विक्री करायची आहे, तेथील व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कार्यालयाची नोंद पाहावी; अनेक देशांत ती ऑनलाइन आणि विनामूल्य पाहता येते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेसही सर्वांसाठी खुला आहे. केवळ हुबेहूब नाव शोधून भागत नाही. ऐकायला सारखे वाटणारे नाव सारख्या मालावर असेल, तरीही आक्षेप येऊ शकतो.

हा शोध आपल्या मालाच्या वर्गात घ्यायचा असतो. व्यापारचिन्हांसाठी माल आणि सेवा यांची जी आंतरराष्ट्रीय विभागणी वापरतात, त्या नीस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत: १ ते ३४ मालासाठी आणि ३५ ते ४५ सेवांसाठी. बिनऔषधी साबण वर्ग ३ मध्ये, मेणबत्त्या ४ मध्ये, दागिने १४ मध्ये, वह्या १६ मध्ये, चामड्याच्या पिशव्या १८ मध्ये, घरगुती मातीची भांडी २१ मध्ये, कपडे २५ मध्ये आणि खेळणी २८ मध्ये येतात. एकच नाव दोन अगदी वेगळ्या वर्गांत दोन मालकांकडे असू शकते, परंतु नाव फार प्रसिद्ध असेल तर तो धोका पत्करू नये. डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आणि समाजमाध्यमांवरील खात्याची नावे त्याच बैठकीत पाहून घ्यावीत.

व्यापारचिन्हाची नोंदणी करणे आवश्यक आहे का?

विक्री सुरू करण्यासाठी ती बहुतेक ठिकाणी सक्तीची नाही. अनेक देशांत व्यापारचिन्ह नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि तिचे पुन्हा पुन्हा नूतनीकरण करता येते. नोंदणी त्या-त्या देशापुरतीच लागू होते. अनेक देशांत संरक्षण हवे असेल, तर माद्रिद प्रणाली या आंतरराष्ट्रीय नोंदणी व्यवस्थेतून एकाच अर्जाद्वारे सदस्य देशांची निवड करता येते. अक्षरचिन्ह आणि चित्रचिन्ह यांपैकी एकाचाच खर्च परवडत असेल, तर आधी नावाची, म्हणजे नुसत्या शब्दाची नोंदणी करावी. लोगोचे चित्र पुढे बदलू शकते, नाव सहसा बदलत नाही.

नावापुढे टीएम (ट्रेडमार्क) ही अक्षरे अनेक देशांत नोंदणीविनाही लावता येतात. वर्तुळातील आर हे चिन्ह मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच वापरायचे असते, आणि त्याआधी ते लावणे अनेक देशांत गुन्हा ठरतो.

चांगला लोगो कसा ओळखावा?

संगणकाच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक लोगो बरा दिसतो, म्हणून परीक्षा दुसरीकडे घ्यावी. तो एका काळ्या रंगात छापून पाहा. ब्राउझरच्या टॅबवर दिसते तेवढ्या, म्हणजे १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चौकोनात बसवून पाहा. रबरी शिक्का करून खडबडीत कागदावर उमटवून पाहा. उलटा धरा, आणि दूर उभ्या असलेल्या व्यक्तीला काय दिसते ते विचारा. सावल्या, रंगांच्या छटा आणि केसासारख्या बारीक रेषा यांवर अवलंबून असलेले चिन्ह या परीक्षांत गळून पडते.

हात, पान, सुईदोरा, हृदय ही चित्रे हस्तकलेच्या व्यवसायांत इतकी वापरली गेली आहेत, की त्यांतून कोणतीही एक कार्यशाळा ओळखू येत नाही. तुमच्या वस्तूतच एखादा आकार दडलेला असतो: टोपलीच्या बुडाची पहिली गाठ, कपाच्या कानाचे वळण, रजईच्या कोपऱ्यातला टाका. तेथे आधी शोधावे.

वस्तूवरच ठसा उमटवावा का, आणि तो कसा?

अवश्य उमटवावा. डबा फेकला जातो, टॅग कापला जातो, आणि वस्तू पुढची अनेक वर्षे कुणाच्या तरी वापरात राहते. ती पाहून ‘ही कुठून आणली?’ असे तिसऱ्या माणसाने विचारले, तर उत्तर वस्तूवरच असले पाहिजे. इंग्लंडमध्ये चांदीकामावर कारागिराची खूण उमटवणे १३६३ पासून कायद्याने आवश्यक झाले, ते दर्जाची जबाबदारी कोणाची हे ठरावे म्हणून. आजही मौल्यवान धातूंच्या वस्तूंवरील खुणांचे नियम अनेक देशांत कडक आहेत. दागिने घडवणाऱ्यांनी ते आधी पाहून घ्यावेत.

ठशाची रचना साहित्याच्या स्वभावानुसार करावी लागते, आणि कागदावर सुंदर दिसणारा लोगो येथे बहुधा बदलावा लागतो. माती वाळताना आणि भाजताना आकसते. मातीच्या प्रकारानुसार हे आकुंचन साधारण ८ ते १५ टक्के असते. तयार भांड्यावर १५ मिलिमीटरचा ठसा हवा असेल आणि तुमची माती १२ टक्के आकसत असेल, तर १५ ला ०.८८ ने भागावे. शिक्का सुमारे १७ मिलिमीटरचा करावा लागेल. बोटाने दाबल्यास खूण पडावी पण माती बोटाला चिकटू नये, इतकी ती घट्ट झाली की ठसा स्वच्छ उमटतो. अपारदर्शक जाड झिलईखाली बारीक अक्षरे बुजून जातात. उलट पारदर्शक रंगीत झिलई खोलगट रेषांत साठून गडद होते आणि ठसा अधिक उठून दिसतो. अठराव्या शतकात इंग्रज कुंभार जोसाया वेजवुड आपल्या नावाचा ठसा मातीतच दाबून उमटवत असत. भाजल्यानंतर असा ठसा वस्तूचाच भाग होतो. तळाशी रंगवलेले किंवा चिकटवलेले नाव मात्र घासून जाऊ शकते.

लाकडावर तापलेल्या पितळी ठशाने डाग देताना रेषेच्या कडेने जळण थोडे पसरते, म्हणून अक्षरांच्या आतल्या पोकळ्या मोठ्या ठेवाव्यात. लाकडातील मऊ पट्टा कठीण पट्ट्यापेक्षा लवकर जळतो, त्यामुळे त्याच जातीच्या तुकड्यावर आधी सराव करणे आवश्यक असते. वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे किंचित ओलावल्यावर दाबाचा ठसा धरून ठेवते, तर क्रोमने कमावलेल्या चामड्यावर तो फारसा टिकत नाही. तेथे शिवलेली पट्टी बरी. विणलेल्या कापडी लेबलात प्रत्येक तिरकी रेषा पायऱ्यांची होते, म्हणून तेथे जाड आणि सरळ अक्षरे घ्यावीत. साबणाची वडी कापल्यावर फार लवकर ठसा दिला तर साबण शिक्क्याला चिकटतो, फार उशिरा दिला तर कडेने चिरतो. योग्य दिवस तुमच्या कृतीवर आणि हवेवर ठरतो, आणि तो नोंदवहीत लिहून ठेवावा.

लोगो स्वतः करावा, डिझायनरकडून करून घ्यावा, की तयार साचा घ्यावा?

हाताला वळण असेल, तर स्वतः काढलेले चिन्ह हस्तनिर्मित वस्तूला शोभते. तयार साच्यांचा दोष असा, की तोच साचा इतर कितीही जण वापरू शकतात, आणि त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांबाबतही सावध राहावे, कारण ज्या निर्मितीत माणसाचा हात नाही तिला कॉपीराइट न देण्याची भूमिका काही देशांनी घेतली आहे.

डिझायनरकडून काम करून घेताना दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात. पहिली म्हणजे हक्क: पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आपोआप तुमच्याकडे आला, असे अनेक देशांत होत नाही; त्यासाठी हस्तांतरणाचा सही केलेला कागद लागतो. दुसरी म्हणजे फाइली. एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ स्वरूपातील मूळ फाइल घ्यावी, कारण ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी आवृत्ती आणि गडद पृष्ठभागावर वापरायची उलट्या रंगाची आवृत्तीही मागून घ्यावी. केवळ जेपीजी हातात पडली, तर उद्या शिक्का करणाऱ्याकडे ती फारशी उपयोगाची नसते.

रंग कसे ठरवावेत?

साहित्यापासून सुरुवात करावी. वस्तूंचे स्वतःचे रंग ठळक असतील, तर ओळखीचे रंग मागे राहणारे घ्यावेत, नाहीतर लेबल वस्तूशी भांडते. एक मुख्य रंग, एक जोडरंग आणि मजकुरासाठी एक गडद रंग एवढे पुरेसे आहेत.

पडद्यावरचा रंग आणि छापील रंग यांत फरक पडतोच. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, तर चार शाईंची छपाई कागदावरून परतणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असते. त्यामुळे झगझगीत नारिंगी आणि पोपटी रंग छापल्यावर मंद होतात. तोच रंग प्रत्येक वेळी हवा असेल, तर प्रत्येक रंगाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या, १९६३ पासून वापरात असलेल्या पँटोन पद्धतीतला क्रमांक छपाईवाल्याला द्यावा, किंवा निदान मान्य केलेला छापील नमुना जपून ठेवून प्रत्येक छपाई त्याच्याशी ताडून पाहावी.

तपकिरी क्राफ्ट कागदाबद्दल विशेष सांगायला हवे, कारण हस्तकलेच्या व्यवसायांत तो सर्वांत लोकप्रिय आहे. छपाईची नेहमीची शाई पारदर्शक असते, म्हणून कागदाचा तपकिरी रंग तिच्यातून डोकावतो. फिकट गुलाबी मळकट दिसतो, पिवळा जवळजवळ नाहीसा होतो आणि पांढरा तर साध्या प्रिंटरमध्ये छापलाच जात नाही. अशा कागदावर काळा, गडद निळा किंवा गडद तांबडा घ्यावा. वेबसाइटवरील मजकुरासाठी वेब सुलभता मार्गदर्शक तत्त्वांत (डब्ल्यूसीएजी) मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ असे कॉन्ट्रास्टचे, म्हणजे गडद-फिकटपणातील फरकाचे, गुणोत्तर सांगितले आहे. ते पाळले की वयस्क ग्राहकालाही वाचता येते.

अक्षरांची निवड करताना काय पाहावे?

देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार येतात, त्यामुळे ओळींमध्ये रोमन मजकुरापेक्षा जास्त जागा सोडावी लागते. छोट्या लेबलावर जोडाक्षरे भरून येतात आणि ‘ध’ व ‘घ’ सारखे दिसू लागतात. निवडलेला फॉन्ट लेबलाच्या प्रत्यक्ष मापात छापून, ज्याने मजकूर पूर्वी पाहिलेला नाही अशा व्यक्तीकडून वाचून घ्यावा. दोन्ही लिप्या शेजारी ठेवायच्या असतील, तर एकाच मापात देवनागरी अनेकदा लहान दिसते. आकडा सारखा न ठेवता डोळ्यांना सारखे दिसेल असे माप घ्यावे.

फॉन्टचा परवाना वाचणे टाळू नये. नोटो सान्स देवनागरीसारखे मुक्त फॉन्ट परवान्यावरील फॉन्ट व्यावसायिक कामासाठी विनामूल्य वापरता येतात. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असे लिहिलेले फॉन्ट लेबलावर वापरता येत नाहीत.

प्रत्येक नग थोडा वेगळा होतो. मग ओळखीत सातत्य कसे राहणार?

हा प्रश्न हस्तव्यवसायाच्या मुळाशी जातो. यंत्राच्या मालात सातत्य म्हणजे दोन नग हुबेहूब सारखे असणे, पण हाताच्या कामात ते शक्य नाही आणि इष्टही नाही. येथे काय बदलू शकते आणि काय कधीही बदलणार नाही, याची सीमा तुम्ही आखता आणि ती पाळता, हेच सातत्य. वनस्पतींपासून केलेल्या रंगाची छटा पाणी, ऋतू आणि रंगबंधक (रंग धाग्यावर पक्का बसवणारा पदार्थ) यांनुसार बदलते. ती बदलू द्यावी. पण रंग धुण्यात किती टिकतो, पिशवीचा बंद किती वजन पेलतो, कपात किती मिलिलिटर मावते, झाकण घट्ट बसते की नाही, यांत फरक पडता कामा नये.

ही सीमा ग्राहकाला खरेदीपूर्वीच दाखवावी. एकाच प्रकारच्या तीन-चार नगांचे शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र शंभर सूचनांपेक्षा जास्त सांगते, आणि ‘छायाचित्रातील आणि आलेल्या वस्तूच्या छटेत फरक पडेल’ हे वाक्य त्याखाली हवेच. दोषाला मात्र वैशिष्ट्य म्हणून खपवू नये. वाकडा बसलेला तळ हा दोष आहे, आणि ‘हाताचे काम आहे’ असे म्हणून तो विकला, तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या सर्वच कारागिरांवरचा विश्वास कमी होतो.

छायाचित्रे कशी असावीत?

खिडकीतून बाजूने येणारा मंद उजेड, एकच ठरलेली पार्श्वभूमी आणि ठरावीक कोन. घरातले पिवळे दिवे बंद ठेवावेत, कारण दोन प्रकारचा उजेड एकत्र आला की रंग खोटा दिसतो. प्रत्येक वस्तूचे एक छायाचित्र हातात धरलेले असावे, म्हणजे आकार कळतो, आणि एक इतक्या जवळून काढलेले असावे, की टाका किंवा छिन्नीची खूण दिसेल.

‘हस्तनिर्मित’ असे कधी म्हणता येते?

याची सर्व देशांना लागू होणारी एकच व्याख्या नाही, म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. शिवणयंत्र, कुंभाराचे चाक किंवा लेथ वापरल्याने वस्तू हस्तनिर्मित राहत नाही, असे आम्ही मानत नाही. साधन कोणतेही असले, तरी प्रत्येक नगाच्या घडणीत माणसाचे कौशल्य आणि निर्णय मुख्य असावेत. बाजारातून आणलेले तयार भाग जोडले असतील, तर ‘हाताने जोडलेले’ म्हणावे. कापड छापून आणले आणि पिशवी स्वतः शिवली, तर तसेच लिहावे. हे शब्द विक्री कमी करतील अशी भीती वाटते, पण नेमके सांगणाऱ्यावर ग्राहकाचा विश्वास अधिक बसतो.

‘नैसर्गिक’, ‘रसायनविरहित’, ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द त्याहून जपून वापरावेत. साबण हा तेल आणि कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली यांच्या रासायनिक क्रियेतूनच तयार होतो, त्यामुळे त्याला रसायनविरहित म्हणणे मुळातच चुकीचे आहे. त्याऐवजी कोणती तेले वापरली आणि सुगंध कशाचा, ते लिहावे. त्वचेवर लावायच्या वस्तू, लहान मुलांची खेळणी आणि अन्नाला स्पर्श करणारी भांडी यांवरील लेबलांचे आणि चाचण्यांचे नियम विक्रीच्या देशात काय आहेत, ते पाहणे हेही ब्रँडच्याच कामात मोडते.

आपली कहाणी कशी सांगावी?

थोडक्यात, आणि वस्तूशी निगडित. ग्राहकाला तुमचे संपूर्ण चरित्र नको असते. ही वस्तू अशी का आहे, ते हवे असते. दुसऱ्या समाजाच्या परंपरेतून एखादे तंत्र किंवा नक्षी घेतली असेल, तर तिचा उगम नावानिशी सांगावा, आणि ज्या समाजाची ती आहे त्याची संमती व सहभाग मिळवण्याचा प्रयत्न करावा. न शिकलेली परंपरा स्वतःची म्हणून सांगू नये.

वेष्टनावर किती खर्च करावा?

आधी वस्तू सुखरूप पोहोचेल इतका, आणि मग उरल्यास शोभेवर. पेटीत एक लहान कार्ड अवश्य ठेवावे, ज्यावर वस्तू कशी धुवावी, कशी जपावी आणि दुरुस्तीसाठी कोणाला कळवावे हे लिहिलेले असेल. कोरडी फुले आणि कागदाच्या चुऱ्यापेक्षा हे कार्ड जास्त काळ घरात राहते.

दुकानदाराने त्याच्या लेबलाखाली माल मागितला तर?

उत्पन्न नियमित असेल, तर त्यात कमीपणा नाही. मात्र तुमच्या नावाने विकली जाते तीच रचना त्याला देऊ नये. त्याच्यासाठी वेगळी मालिका करावी. शक्य असेल तर वस्तूच्या तळाशी तुमचा ठसा राहील, अशी अट करारात घालावी. तुमच्याच नावाने माल ठेवणाऱ्या दुकानदाराला नावाचे अचूक लेखन, दोन चांगली छायाचित्रे आणि वस्तूचे चार ओळींचे वर्णन तुम्हीच द्यावे; नाही दिले तर तो ते स्वतः रचेल.

कोणी नक्कल केली तर काय करावे?

नक्कल ही जुनीच व्याधी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात उत्तर इटलीतील मोडेना परिसरातून निघणाऱ्या मातीच्या दिव्यांच्या तळाशी ‘फोर्टिस’ हे नाव असे, आणि ते इतके गाजले, की मूळ कार्यशाळेशी संबंध नसलेले कारागीरही रोमन साम्राज्याच्या दूरच्या प्रांतांत तेच नाव उठवू लागले. जर्मनीतील माइसेनच्या चिनी मातीच्या भांड्यांवर १७२० च्या दशकापासून येणाऱ्या एकमेकांना छेदणाऱ्या तलवारींच्या चिन्हाचेही असेच अनुकरण झाले.

आधी नेमके काय उचलले आहे ते पाहावे, कारण प्रत्येक गोष्टीचे संरक्षण वेगळे असते. नाव किंवा चिन्ह उचलले असेल, तर व्यापारचिन्हाचा कायदा लागतो. छायाचित्र, चित्र किंवा मजकूर उचलला असेल, तर कॉपीराइट लागतो, आणि १८८६ च्या बर्न करारानुसार सदस्य देशांत तो नोंदणीविना मिळतो. वस्तूच्या नव्या आकाराला किंवा नक्षीला अनेक देशांत स्वतंत्र डिझाइन नोंदणी मिळते, परंतु ती रचना आधीच जाहीर झाली असेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून अशी नोंदणी करायची असेल, तर समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकण्यापूर्वी अर्ज करावा. तंत्र, शैली किंवा कल्पना यांवर मात्र सहसा कोणाचा हक्क चालत नाही, आणि गाठी बांधण्याची पद्धत एकट्याची होऊ नये हे हस्तकलेच्या हिताचेच आहे.

कच्च्या आराखड्यांवर तारीख घालून ते जपावेत, नक्कल दिसताच पानांच्या तारखेसह प्रती साठवाव्यात, आणि मग सभ्य पण स्पष्ट शब्दांत लेखी कळवावे. विक्रीची बहुतेक मोठी संकेतस्थळे अशा तक्रारींसाठी अर्ज ठेवतात. जाहीरपणे आरोप करण्याआधी कायदेशीर सल्ला घ्यावा.

काही वर्षांनी ओळख बदलावीशी वाटली तर?

कंटाळा आला हे कारण पुरेसे नाही. तुम्ही तो लोगो दररोज पाहता, ग्राहक वर्षातून दोनदा पाहतो. वस्तूंचा प्रकारच बदलला, नावावर कायदेशीर आक्षेप आला, किंवा चिन्ह लहान आकारात वाचताच येत नाही, ही खरी कारणे आहेत. त्यांतही सगळे एकदम बदलू नये. रंग तोच ठेवून अक्षरे बदलावीत, किंवा चिन्ह ठेवून रंग बदलावा, म्हणजे जुन्या ग्राहकाला धागा सापडतो.

नवे नाव घेतल्यास काही काळ लेबलावर जुने नावही लहान अक्षरांत छापावे. जुनी लेबले संपेपर्यंत वापरायची, की एका ठरलेल्या तारखेला थांबवायची, हे दुकानदारांना आधी कळवावे; एकाच फळीवर दोन नावांचा माल दिसला, तर त्यातला एक नकली वाटतो. जुन्या नावाने विकलेल्या वस्तूंच्या दुरुस्तीची जबाबदारी नव्या नावाने स्वीकारावी. जुने डोमेन नाव नव्या संकेतस्थळाकडे वळवून पुढेही काही वर्षे त्याचे नूतनीकरण करत राहावे, कारण मुदत संपलेले डोमेन कोणीही घेऊ शकते, आणि तुमच्या जुन्या वस्तूंवर छापलेला पत्ता मग त्याच्या पानावर जाऊन उघडतो.